श्रावणासाठी राखलेल्या खाटा

दारू पिऊन माणूस मेला, हे तुम्ही पुष्कळदा ऐकलं असेल. दारू सोडून मेला, असं कधी ऐकलंय? मी ते माझ्या डोळ्यांनी पाहिलं आहे, आणि ज्यांच्यामुळे पाहावं लागलं त्यांच्यावरचा माझा राग अजून उतरलेला नाही. संपादकांनी मला फोनवर सांगितलं होतं की नर्सच्या नोकरीतले हसरे-दुखरे प्रसंग लिहा, दिवाळीत लोकांना जरा हलकं वाचायला बरं वाटतं. हसरे आहेत थोडे, ते सांगते. पण लिहायला बसले आहे ती रागावूनच, हे आधी सांगितलेलं बरं.

सरकारी दवाखान्यातली नोकरी संपल्यावर मी कर्जतजवळच्या एका व्यसनमुक्ती केंद्रात लागले. पंधरा खाटांचं कौलारू केंद्र. चालवायची एक संस्था, आणि संस्था चालायची सरकारी अनुदानावर. डॉक्टर रोज येऊन तपासून जायचे, आम्ही दोघी नर्स, एक समुपदेशक, एक स्वयंपाकीण. या सगळ्याचा गाडा ओढायचे भाऊ. भाऊ म्हणजे संस्थेचे चिटणीस, जन्मभर शाळामास्तर, त्यामुळे मंत्री समोर असला तरी त्याला गृहपाठ विचारतील असा आवाज.

लोकांना वाटतं व्यसनमुक्ती म्हणजे भाषण, शपथ आणि हार घालून फोटो. ते सगळं नंतरचं. पहिला आठवडा निव्वळ शुश्रूषेचा असतो. वर्षानुवर्षं रोज पिणाऱ्या माणसाच्या शरीराला दारूची सवय झालेली असते. ती एकदम बंद केली की त्याच दिवशी हात थरथरतात, घाम फुटतो, झोप उडते. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी कुणाला फिट येते, कुणाला नसलेलं दिसायला लागतं. भिंतीवर मुंग्या, पांघरुणात साप, दारात मेलेली आई. त्या वेळी औषध मिळालं नाही तर माणूस दगावू शकतो. मिळालं तर बहुतेक जण आठवड्याभरात उठून बसतात आणि चहात साखर कमी आहे म्हणून भांडतात. यात जादू काही नाही. खाट लागते, औषध लागतं, आणि उशाशी बसणारं शहाणं माणूस लागतं.

आता आमच्या भागाचं एक वैशिष्ट्य सांगते, जे मुंबईत बसून नियम करणाऱ्यांना कधी समजलं नाही. आमच्याकडे आषाढातली अमावस्या, म्हणजे गटारी, दिवाळीपेक्षा जोरात असते. कर्जत घ्या, खालापूर घ्या, त्या दिवशी कोंबडी आणि बाटली, दोघींचंही मरण ठरलेलं असतं. आणि दुसऱ्या दिवशी श्रावण लागला की तोच माणूस बाटलीला शिवत नाही. बायको रडली, आई उपाशी झोपली, तरी न सोडणारा गडी श्रावणाला मात्र मानतो. मला या श्रद्धेची चेष्टा करायची नाही. उलट एवढ्या एका गोष्टीपुढे तो वाकतो याचंच मला कौतुक आहे. शनिवार-रविवारी पिणारे यातून सुखरूप बाहेर पडतात. पण सकाळी उठल्यावर घोट घेतल्याशिवाय ज्याला शर्टाची बटणं लावता येत नाहीत, तोही त्याच दिवशी एकदम थांबतो. मग श्रावणाच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी तो भिंतीशी बोलायला लागतो. घरचे म्हणतात, गटारीला जास्त झाली, देव कोपला. नाहीतर म्हणतात बाहेरचं लागलं. अंगारा होतो, लिंबू उतरवून होतं, कुणी दाव्याने खाटेला बांधून ठेवतं. सगळं करून झालं की मग आमच्याकडे आणतात.

म्हणून आमची एक रीत होती. आषाढ अर्धा सरला की आम्ही नवे पेशंट भरत नसू. तशीही त्या दिवसांत भातलावणी चाललेली असते. चिखलात उभं राहायला घरात माणूस कमी पडतो, तिथे उपचाराला कोण येतो? आम्ही खाटा धुऊन, गाद्या उन्हाची तिरीप मिळेल तेव्हा वाळवून, औषधं भरून ठेवायचो. मग गटारीच्या आधी वाड्यावस्त्यांवर फिरून सांगायचो की तुमच्या माणसाला श्रावण पाळायचा आहे ना, मग पहिल्या दिवशीच आमच्याकडे आणा, इथं पाळू दे. वॉर्डात शंकराची तसबीर होती. सोमवारी स्वयंपाकीण उपासाची खिचडी करायची. डॉक्टर हसायचे, पण त्यांनाही माहीत होतं की आमच्या वर्षाची परीक्षा त्याच आठवड्यात असते.

आणि त्याच रिकाम्या खाटा बघायला एका आषाढात तपासणीचे साहेब आले.

साहेब तरुण होते, सभ्य होते. दारात बूट काढून आत आले, स्वयंपाकिणीला नमस्कार केला. मला त्यांच्याबद्दल वाईट लिहायचं नाही. वाईट माणूस असता तर राग काढायला निदान जागा मिळाली असती. त्यांनी वॉर्डात फेरी मारली. तीन पेशंट पत्ते खेळत होते, बाकीच्या खाटा चादरी ताणून तयार. साहेबांनी विचारलं, खाटा रिकाम्या का? भाऊंनी त्यांना बसवून लावणी सांगितली, गटारी सांगितली, श्रावण सांगितला, तिसऱ्या दिवशीच्या फिट्स सांगितल्या. वर्गातल्या हुशार मुलाला सांगावं तसं सांगितलं. साहेबांनी सगळं मान डोलावत ऐकलं आणि म्हणाले, "सर, मला पटतंय. पण रिकामी खाट ती रिकामी खाट. ती कशासाठी रिकामी ठेवलीय हे लिहायला माझ्याकडे जागा नाही."

भाऊ म्हणाले, "आगीचा बंब उभा दिसला तर तोही परत घेऊन जाता का हो?"

साहेब ओशाळले. चहा पिऊन गेले. आम्हाला वाटलं, पटलंय म्हणतात म्हणजे सांभाळून घेतील. माणसाला पटणं आणि सरकारला पटणं यात किती अंतर असतं, हे इतकी वर्षं सरकारी नोकरी करूनही मी विसरले होते.

त्यानंतर गटारी झाली आणि श्रावण लागला. चौथ्या दिवसापर्यंत सगळ्या खाटा भरल्या, व्हरांड्यात गाद्या टाकल्या. त्या गर्दीत बबन आला. बबन माथेरानला हातरिक्षा ओढायचा. तिथे मोटारी चालत नाहीत, त्यामुळे पाहुण्यांना माणसंच ओढून नेत. अंगाने लाकूड झालेला माणूस. घरच्यांनी श्रावण पाळायला लावलं होतं, आणि आणला तेव्हा त्याला आपण कुठे आहोत याचा पत्ता नव्हता. औषध देऊन मी दुसऱ्या पेशंटकडे वळते तोच मागून आवाज आला, "साइड, साइड, बाजूला व्हा!" बघते तर बबन स्वतःची खाट ओढत वॉर्डातून निघाला आहे. खाटेवर त्याला पाहुणे दिसत होते. मी वाट अडवली तर मला म्हणाला, "बाई, चढ हाय. मधी उभ्या नका राहू. शेठ खाली पडंल." मी म्हटलं, शेठ उतरले रे, हॉटेल आलं, आता तू बस. तेव्हा कुठे खाट सोडून घाम पुसत भिंतीशी बसला. मजुरी मागितली नाही हे नशीब. आठवड्याने त्याला हे सांगितलं तेव्हा लाजून चादरीत तोंड लपवलं त्याने. आज तो ई-रिक्षा चालवतो आणि मी दिसले की लांबूनच "साइड" म्हणून ओरडतो.

त्याला भेटायला त्याची बहीण लक्ष्मी यायची. कडावच्या बाजूला दिलेली, अंगापिंडाने बारीक, बोलायला खणखणीत. भावाला शुद्धीत, भाजी निवडत बसलेला बघून ती आधी त्याच्याशेजारी बसून भाजी निवडू लागली. मग मला व्हरांड्यात गाठून तिने तिच्या नवऱ्याचं सांगितलं. मारुती त्याचं नाव. त्यांच्या जमिनीतला चांगला तुकडा एका मुंबईकराने घेऊन त्यावर फार्महाऊस बांधलं होतं, आणि मारुती तिथेच वॉचमन होता. स्वतःच्या शेताचा पहारेकरी. शनिवारी पाहुणे यायचे, रविवारी संध्याकाळी जायचे आणि अर्ध्या-पाव बाटल्या मागे ठेवून जायचे. "मारुती, ले जाओ" म्हणायचे, मोठ्या मनाने. आमच्याकडे येणाऱ्या वॉचमन लोकांचं दुखणं असंच सोमवारपासून सुरू व्हायचं. पुढे सोमवारचं रोजचं झालं, आणि उरलेल्या बाटल्या पुरेनात तेव्हा दुकानातल्या देशीची सुरुवात झाली.

लक्ष्मीने विचारलं, "घ्याल का त्याला?" मी म्हटलं, तू आण, खाट देते. म्हणाली, "आता नाय ऐकायचा. पन पुढल्या श्रावनाला कबूल करून घेते. एक वरीस लागलं तरी चालंल." आणि ही बाई बोलल्याप्रमाणे वर्षभर त्याच्या मागे लागली. आधी गोडीने, मग भांडून, मग माहेरी जाऊन, मग परत येऊन. दारू सोडवणं हे काम केंद्रात आठवड्याचं असतं. त्याच्या आधीचं वर्ष अशा बायका घरात बसून, कुणी न सांगता, करत असतात.

इकडे आमच्याकडे पत्र आलं. क्षमतेपेक्षा कमी वापर आढळल्यामुळे अनुदान पुनर्विचाराधीन ठेवण्यात येत आहे. भाऊंनी भरलेल्या वॉर्डाचे, व्हरांड्यातल्या गाद्यांचे फोटो पाठवले. उत्तर नाही. भाऊ अलिबागला गेले, मुंबईला गेले. एका टेबलावर कळलं की फाईल वर आहे, वरच्या टेबलावर कळलं की खाली पाठवली. एका अधिकाऱ्याने तर भाऊंना सल्ला दिला की तपासणीच्या वेळी चार माणसं आणून झोपवायची, सगळे तसंच करतात. भाऊ तिथून तसेच उठून आले. खोटी माणसं झोपवणाऱ्या केंद्राला पैसे, आणि खऱ्या माणसांसाठी खाट राखणाऱ्याला पत्र, हा कुठला न्याय, ते मला कुणीतरी अजूनही समजावून सांगावं.

एक गोष्ट मात्र मला आजही झोपू देत नाही. श्रावणात दारूची विक्री खाली येते, हे शेंबड्या पोरालाही माहीत आहे. दुकानं महिनाभर माशा मारतात. म्हणून एखाद्या दुकानाचा परवाना सरकारने काढून घेतल्याचं मी तरी ऐकलेलं नाही. उलट आमचं केंद्र शेवटचे श्वास घेत होतं त्याच दिवसांत हमरस्त्यावर दोन नव्या परमिट रूमच्या पाट्या लागल्या. त्यांच्या फायली कुठल्या टेबलावर अडल्या नसाव्यात. बाटलीमागचा कर रोज वेळेवर जमा होतो, तो मारुतीसारख्यांच्याच खिशातून जातो. त्याच मारुतीला एक आठवडा झोपवायला खाट मागितली की मग मात्र क्षमता, वापर आणि पुनर्विचार.

अनुदान आलंच नाही, आणि वैशाखात केंद्राला कुलूप लागलं. स्वयंपाकीण रडली, मी रडले नाही, मी नुसती बोलत सुटले होते. डॉक्टरांनी औषधं जवळच्या दवाखान्यात दिली. पाटी काढायला माणूस मिळेना म्हणून पाटी तशीच राहिली. त्या वर्षी गटारीआधी वाड्यांवर फिरायला कुणी गेलं नाही, कारण बोलवायचं कुठे हाच प्रश्न होता.

श्रावणाच्या तिसऱ्या दिवशी सकाळी केंद्रासमोरच्या चहावाल्याचा मला फोन आला. एक बाई माणसाला घेऊन आली आहे, कुलूप बघूनही जात नाही. मी रिक्षा करून गेले. पायरीवर लक्ष्मी बसली होती, शेजारी मारुती. कपाळाला गंध, अंगात इस्त्रीचा शर्ट. डोळे लाल, अंग घामाने भिजलेलं, आणि बाहीवरून तो काहीतरी एकेक वेचून खाली टाकत होता. तिथे काहीही नव्हतं. 

लक्ष्मी उठली. तिच्या तोंडावर काळजीपेक्षा अभिमान जास्त होता. म्हणाली, "सिस्टर, दोन दिस थेंब नाय घेतला त्यानं. देवापुढं नारळावर हात ठिवून बोललाय. तुमी आनायला सांगितला व्हता ना? आनला." मग दाराकडे बघून म्हणाली, "ह्ये कुलूप का हाय?"

त्याचं उत्तर देण्यात वेळ घालवण्यासारखी स्थिती नव्हती. चहावाल्याच्या भावाच्या टेंपोतून आम्ही त्याला दवाखान्यात नेलं. तिथल्या डॉक्टरांनी हातातली गर्दी सोडून त्याला बघितलं, होतं ते सगळं दिलं. त्यांना मी एका शब्दाने दोष देणार नाही. पण याला सतत लक्ष ठेवायला खाट आणि माणूस हवं, ते आमच्याकडे नाही, पनवेलला हलवा, असं ते म्हणाले, आणि खरंच होतं ते. अँब्युलन्स मिळाली. मी आणि लक्ष्मी सोबत बसलो.

वाटेत एकदा तो चांगला शुद्धीवर आला. सलाईनच्या बाटलीकडे बघत राहिला. मग माझा हात धरून हळूच विचारलं, "सिस्टर, ह्याच्यात दारू नाय ना? माजा श्रावन हाय."

मी म्हटलं, नाही रे, मिठाचं पाणी आहे. तेव्हा त्याने डोळे मिटले. चौक गाव ओलांडल्यावर पहिली फिट आली, ती थांबते तोवर दुसरी. मी माझ्या नोकरीत शिकलेलं सगळं केलं. पनवेल यायच्या आत तो गेला. लक्ष्मी त्याच्या पायाशी बसली होती, पायाचे तळवे चोळत. तो गेल्यावरही ती चोळतच होती, आणि तिला थांबवण्याची माझी हिंमत झाली नाही.

तेराव्यानंतर मी त्यांच्या घरी गेले. तिने मला पाणी दिलं, समोर बसली आणि सरळ विचारलं, "म्या शपथ घातली नसती तर जिता राह्यला असता का?"

मी आयुष्यात पेशंटच्या नातेवाइकांशी पुष्कळ गोड खोटं बोलले आहे. नर्सला ते करावं लागतं. पण या बाईशी बोलवेना. मी म्हटलं, "लक्ष्मी, शपथ चांगलीच होती. खाट असती तर जिता राहिला असता. मागच्या वर्षी तुझा भाऊ राहिला तसा." तिने माझं रिकामं भांडं उचललं. मग म्हणाली, "मंग ह्ये कुनाला इचारायचं?" मला त्या टेबलाचा पत्ता माहीत नव्हता, अजूनही नाही.

पुढे भाऊंना सरकारचं उत्तर आलं. केंद्र पुन्हा सुरू करायचं असल्यास नव्याने अर्ज करावा, सोबत गेल्या वर्षीच्या खाटांच्या वापराचा तपशील जोडावा. ज्या वर्षी केंद्राला कुलूप होतं त्याच वर्षीचा. भाऊंनी तरीही अर्ज केला. मास्तर माणूस, पेपर कोरा सोडत नाही.

यंदा आषाढात, लावणी उरकल्यावर, लक्ष्मी माझ्या दारात उभी राहिली. म्हणाली, "चला, गटारी आली. लोकांना सांगाया जाऊ." मी विचारलं, काय सांगायचं, न्यायचं कुठे? तर तिने बबनला घेऊन केंद्राच्या आमच्या डॉक्टरांना आधीच गाठलं होतं. डॉक्टरांनी सांगितलं होतं तेच सांगायचं. ज्याला सकाळी उठल्या उठल्या लागते, त्याला एकदम थांबवू नका. आधी डॉक्टरला दाखवा, ते सांगतील तशी थोडी थोडी कमी करा. थरथर सुटली, भास झाले, तर अंगारा करत बसू नका, त्याच तासाला दवाखाना गाठा.

तेव्हा मी आणि ती, दोघी वाडी-वाडीत फिरलो. व्यसनमुक्ती केंद्रात वर्षं घालवलेली नर्स मी, आणि बायाबापड्यांना सांगत होते की श्रावणाच्या पहिल्या दिवशी नवऱ्याची दारू एकदम बंद करू नका. मला लाज वाटत होती. पण ती माझी लाज नव्हती, ज्यांची होती त्यांना ती वाटत नाही म्हणून माझ्या वाट्याला आली होती. या कामाला अनुदान नाही, एवढं एक बरं, त्यामुळे ते कुणाला थांबवता येणार नाही.

डोंगराच्या पायथ्याच्या एका वाडीत एका म्हातारीने आमचं सगळं ऐकून घेतलं. तिचा एकुलता एक मुलगा आत पडवीत झोपला होता, भर दुपारी. दर श्रावणाला देवापुढे त्याच्याकडून कबूल करून घेणारी तीच. ती मला म्हणाली, "बाई, तुमचं खरं असंल. पन मी देवाला काय सांगू?"

 लक्ष्मी तिच्याजवळ जाऊन खाली बसली, तिचा हात हातात घेतला.

"देवाला सांग, आये, पोरगा जिता ठिवलाय. श्रावन काय, पुढल्या वर्साला बी येतोय."